कुत्र्याचे सांधे आखडलेत: सप्लिमेंट कोणतं, किती आणि कधीपर्यंत

लॅब्रॅडॉर सात-आठ वर्षांचा झाला, सकाळी उठताना मागचे पाय ओढायला लागला, की घरात सगळ्यात आधी सांध्यांच्या गोळ्यांची डबी येते. कधी दुकानदार सुचवतो, कधी सोसायटीतले दुसरे कुत्रेवाले. डबीवर ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, एमएसएम, कोलॅजन, हळद, शल्लकी अशी नावांची माळ असते. यातलं थोडं खरंच उपयोगी आहे, बरंचसं निरुपद्रवी पण निरुपयोगी, आणि एखाद-दुसरं घातक. जे उपयोगी आहे तेही बहुतेक घरांत इतक्या कमी मात्रेत दिलं जातं की न दिल्यासारखंच.

आधी दुखतंय काय ते बघा

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि त्या दोन थरांमध्ये वंगणासारखा द्रव. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती एकदा खरवडली की नीट भरून येत नाही. झिजलेल्या कूर्चेमुळे सांध्याच्या आतल्या अस्तराला दाह होतो, दाहामुळे वंगण पातळ होतं, त्यामुळे कूर्चा आणखी झिजते. पुढे सांध्याच्या कडेला हाड वाढतं, भोवतालचं आवरण जाड होतं आणि सांधा पूर्ण वाकेनासा होतो. हाच ऑस्टिओआर्थ्रायटिस.

माणसात हा आजार मुख्यतः वयाबरोबर येतो, कुत्र्यात मात्र त्याचं मूळ बहुधा पिल्लूपणात असतं. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्यात खुब्याचा सांधा सैल राहतो, त्याला हिप डिस्प्लेसिया म्हणतात. काहींचं कोपर नीट जुळून येत नाही. पॉमेरेनियन, पग, शिह त्झू यांच्या गुडघ्याची वाटी सरकते. म्हणून दीड वर्षाचा कुत्रा लंगडला तर ‘अजून लहान आहे, संधिवात कसा असेल’ असं म्हणून सोडून देऊ नये.

जुनाट सांधेदुखीत कुत्रा सहसा ओरडत नाही. तो झोपेतून उठताना आखडलेला असतो आणि चार पावलं चालला की मोकळा होतो. सोफ्यावर उडी मारायचं सोडतो, जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकतो, बसताना एक पाय बाजूला टाकून बसतो, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र उचलतो. मागच्या मांड्या हाताला बारीक लागतात. नख्या एकाच पायाच्या जास्त झिजलेल्या दिसतात. ‘आता म्हातारा झाला, शांत झाला’ असं घरचे म्हणतात तेव्हा पुष्कळदा तो दुखण्यामुळे हालचाल टाळत असतो.

पण प्रत्येक लंगडणं म्हणजे झीज नव्हे. आपल्याकडे पहिली शंका गोचीड तापाची घ्यावी. एर्लिकिया या जंतूमुळे होणाऱ्या तापात सांधे सुजतात, आज हा पाय तर उद्या तो पाय लंगडतो, अंग तापतं, खाणं कमी होतं. त्यासाठी प्लेटलेटसह रक्ताची पूर्ण तपासणी आणि गोचीड तापाची चाचणी लागते. उपचार डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिकने होतो, आणि तिथे सांध्यांच्या गोळ्या देत बसणं म्हणजे मौल्यवान दिवस घालवणं. एकाएकी तीन पायांवर आलेल्या कुत्र्याच्या गुडघ्यातला क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून ठेवणारा बंध, तुटलेला असू शकतो. थोराड जातीच्या उतारवयातल्या कुत्र्याचा एकच पाय सुजून सतत दुखत असेल तर हाडाचा कर्करोगही तपासावा लागतो. डॅशहुंडचं दुखणं सांध्याचं नसून मणक्याचं असण्याची शक्यता मोठी. म्हणून एक्स-रे. खुब्याचा एक्स-रे नीट हवा असेल तर कुत्र्याला थोडी गुंगी देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय ताणून काढतात. जागेपणी कुशीवर घेतलेल्या फोटोत सैल खुबा सहज निसटतो. जवळ सोय नसेल तर मुंबईत परळ, शिवाय शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत दाखवता येतं.

डबीआधी काटा

वजन उतरवणं हा कोणत्याही सप्लिमेंटपेक्षा जास्त परिणाम करणारा उपाय आहे, आणि तो फुकट आहे. लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांवर आयुष्यभर चाललेल्या एका अमेरिकन अभ्यासात निम्म्यांना त्यांच्या जोडीदारांपेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं गेलं. २००२ साली निकाल आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. निम्म्या कुत्र्यांना संधिवाताचे उपचार लागायचं वय पोटभर खाणाऱ्यांत १०.३ वर्षं, कमी खाणाऱ्यांत १३.३. तीन वर्षांचा फरक, नुसत्या वाडग्यातून. आधीच लंगडणाऱ्या जाड कुत्र्यांच्या एका अभ्यासात तर शरीराचं सहा टक्क्यांच्या वर वजन उतरताच चालण्यातला फरक दिसू लागला. म्हणजे ३५ किलोच्या कुत्र्याचे दोन-सव्वादोन किलो.

बरगड्या बोटांना सहज लागायला हव्यात, वरून पाहिल्यावर कंबर दिसायला हवी. दोन्ही नसतील तर कुत्रा जाड आहे. ‘लॅब असाच असतो’ हे खरं नाही.

हिशेब सोपा आहे. कुत्र्याचं जे वजन व्हायला हवं त्याचा घन करा आणि कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा. येईल त्या आकड्याला ७० ने गुणलं की वजन उतरवण्यासाठी दिवसाला साधारण किती किलोकॅलरी द्यायच्या ते मिळतं. लक्ष्य २८ किलो असेल तर उत्तर ८५० च्या आसपास. यातला जास्तीत जास्त दहावा हिस्सा खाऊचा. एका ग्लुकोज बिस्किटात साधारण २५ किलोकॅलरी असतात, म्हणजे सकाळच्या चहाबरोबर आजोबांनी दिलेली चार बिस्किटं म्हणजे दिवसभराच्या खाऊचा कोटा संपून वर थोडं. घरात सगळ्यांनी मिळून एकच डबा ठरवावा आणि दिवसाचा खाऊ सकाळीच मोजून त्यात टाकावा, नाहीतर प्रत्येकजण ‘मी एकच दिलं’ म्हणतो. आठवड्याला एक ते दोन टक्के वजन उतरणं ठीक. कोरडं खाद्य कपाने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. कपात दर वेळी कमी-जास्त होतंच.

दुसरी फुकटातली गोष्ट म्हणजे फरशी. गुळगुळीत टाइल्सवर दुखऱ्या खुब्याचा कुत्रा प्रत्येक वेळी उठताना घसरतो आणि सांध्याला हिसका बसतो. झोपायची जागा, पाण्याचं भांडं आणि दार या वाटेवर योगा मॅट किंवा रबरी पट्ट्या टाका. नख्या वाढल्या की पंजाची पकड जाते, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी कापा, आणि पंजाच्या गाद्यांमधले केसही. झोपायला अशी जाड गादी, जी कुत्रा बसल्यावर दबून जमिनीला टेकणार नाही.

फिश ऑइल: काम करतं, पण मात्रा पुरी हवी

कॅनडातल्या माँट्रियल इथल्या संशोधकांनी २०२२ साली कुत्र्या-मांजरांच्या संधिवातावरच्या पूरक आहारांचे आणि सप्लिमेंटचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात सर्वांत ठाम पुरावा निघाला तो ओमेगा-३ चा. त्याआधी २०१० मध्ये १३१ कुत्र्यांवर १२ आठवडे झालेल्या अभ्यासात, फिश ऑइलयुक्त आहार घेणाऱ्यांना कारप्रोफेन या वेदनाशामकाची मात्रा इतरांपेक्षा जास्त कमी करता आली होती.

यामागचं कारण असं. दाह पेटवणारी काही रसायनं शरीर पेशींच्या आवरणातल्या ॲराकिडॉनिक आम्लापासून बनवतं. आहारात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्लं पुरेशी आली की ती आवरणात त्याची जागा घेतात आणि त्यांच्यापासून बनणारी रसायनं कमी दाहक असतात. ही अदलाबदल व्हायला आठवडे लागतात. म्हणून पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करणाऱ्याने औषधाची परीक्षा घेतलेलीच नसते. किमान आठ आठवडे, शक्यतो बारा.

आता मात्रा, जिथे बहुतेकांची गाडी अडते. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘१००० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन. आपल्याला हवी ती मागच्या बाजूची बारीक ओळ: साध्या कॅप्सूलमध्ये १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए, बेरीज फक्त ३००. संधिवातासाठी पशुआहाराच्या अभ्यासात सुचवलेली मात्रा आधीच्याच पद्धतीने निघते: कुत्र्याच्या वजनाचा घन, दोनदा वर्गमूळ, आणि गुणिले ३१०. पाच किलोच्या कुत्र्याला ईपीए आणि डीएचए मिळून साधारण १०४० मिलिग्रॅम, दहा किलोला १७४०, वीसला २९३०, तीसला ३९७० आणि चाळीसला ४९३०. म्हणजे तीस किलोच्या लॅबला रोजच्या साध्या कॅप्सूल तेरा. घरोघरी दिली जाते एक.

ही मात्रा वरच्या टोकाची आहे. तीनशे दहाच्या जागी ३७० धरलं की सुरक्षिततेची मर्यादा येते, आणि त्यात खाद्यातून जाणारं ओमेगा-३ पण मोजायचं. म्हणून बरेच पशुवैद्य किलोमागे ७५ ते १०० मिलिग्रॅमपाशी थांबतात, म्हणजे तीस किलोला २२५० ते ३०००. तिथेही साध्या कॅप्सूल आठ-दहा होतात, त्यामुळे जिच्या एका कॅप्सूलमध्ये ६०० ते ९०० मिलिग्रॅम ईपीए-डीएचए आहे अशी दाट कॅप्सूल घेणं सोयीचं आणि पुष्कळदा स्वस्तही. किंमत ताडताना डबीची बघू नका. डबीतलं एकूण ईपीए-डीएचए काढा, त्याने किमतीला भागा, आणि मग दोन डब्या शेजारी ठेवा.

पहिल्या आठवड्यात ठरलेल्या मात्रेचा चौथा भाग, मग दर आठवड्याला तेवढाच वाढवत चौथ्या आठवड्यात पूर्ण. एकदम दिलं तर जुलाब होतात. जुलाब झाले तर आदल्या पायरीवर या आणि तिथे दोन आठवडे थांबा. ज्या कुत्र्याला पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला आहे त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण हे शेवटी तेल आहे. तेरा साध्या कॅप्सूल म्हणजे जवळजवळ १२० किलोकॅलरी. तेवढं खाद्य कमी करा, नाहीतर सांध्यासाठी दिलेल्या तेलानेच वजन वाढेल. मोठ्या मात्रेत प्लेटलेटच्या कामावर परिणाम होऊ शकतो. गोचीड तापात प्लेटलेट आधीच घसरलेल्या असतात, त्यामुळे त्या काळात थांबवा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्जनना फिश ऑइल चालू असल्याचं आधी सांगा.

तेल खवट झालं की उपयोग संपतो, उलट अपाय होतो. एप्रिल-मेमध्ये खिडकीजवळच्या कपाटात ठेवलेली बाटली लवकर खराब होते. ती फ्रिजमध्ये ठेवा, मोठी स्वस्त बाटली घेण्यापेक्षा महिन्याभरात संपेल एवढीच घ्या. अधूनमधून एक कॅप्सूल टोचून वास घ्या. माशाचा वास येणारच, पण रंगासारखा उग्र, घशाला लागणारा वास आला तर फेकून द्या. तेल शिजत्या अन्नात घालायचं नाही, कोमट झालेल्या खाण्यावर घालायचं.

दोन गोंधळ नेहमी होतात. कॉड लिव्हर ऑइल म्हणजे फिश ऑइल नव्हे. ते माशाच्या यकृताचं तेल, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर. ओमेगा-३ ची मात्रा गाठायला गेलात तर ही दोन जीवनसत्त्वं विषारी पातळीला जातात. आणि जवस. शाकाहारी घरांत जवसाचं तेल किंवा भाजलेल्या जवसाची पूड दिली जाते. त्यातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं, कुत्र्याच्या शरीरात त्याचं ईपीए फारच थोडं बनतं. घरात मासे चालत नसतील तर सागरी शेवाळाच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात. त्यात डीएचए जास्त असतं, म्हणून ईपीएसुद्धा लिहिलेली बघून घ्या. कोकणात किंवा गोव्यात घरात तारली, बांगडा येतोच. बिनमिठाचा उकडून, काटे काढून दिला तर चांगलाच, पण त्याने मात्रा मोजून गाठता येत नाही. सुकट, सुके बोंबील मिठामुळे नकोत आणि कालवणातला मासा कांदा-लसणामुळे मुळीच नको.

ग्लुकोसामाइन: सर्वांत जास्त खपणारं

कूर्चा ज्या घटकांची बनते त्यातलेच हे दोन, ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन. खाल्लं की तिथे जाऊन बसेल, अशी त्यामागची कल्पना. पण कुत्र्याने गिळलेल्या ग्लुकोसामाइनपैकी जेमतेम १२ टक्के रक्तात पोचतं, कॉन्ड्रॉइटिन त्याहून कमी. २००७ साली ३५ कुत्र्यांच्या अभ्यासात सत्तराव्या दिवशी थोडी सुधारणा दिसली होती. त्याआधी २००३ च्या अभ्यासात वेदनाशामकाने फरक पडला, या जोडीने नाही. माँट्रियलच्या २०२२ च्या आढाव्याने तर दुखणं कमी करण्यासाठी ही जोडी सुचवणं आता थांबवावं असंच म्हटलं.

अपाय फारसा नाही, क्वचित जुलाब. त्यामुळे डॉक्टर विरोध करत नाहीत आणि सवय चालू राहते. तोटा होतो तो दुसऱ्या बाजूने: दरमहाचे पैसे इथे संपतात आणि फिश ऑइलला किंवा रक्ततपासणीला उरत नाहीत.

तरी द्यायचंच असेल तर लेबल वाचून द्या. बहुतेक उत्पादनांची मात्रा दिवसाला किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे तीस किलोला ४५० ते ६००. सिरपवर आणि पावडरवर प्रमाण कधी दहा मिलिलिटरमागे, कधी किलोमागे लिहिलेलं असतं; आपण देतो त्या चमच्यात किती येतं ते काढा, उत्तर पुष्कळदा हास्यास्पद निघतं. शिवाय क्षार कोणता तेही पाहा. हायड्रोक्लोराइडच्या ५०० मिलिग्रॅममध्ये खरं ग्लुकोसामाइन सुमारे ४१५, पोटॅशियम क्लोराइडने स्थिर केलेल्या सल्फेटच्या ५०० मध्ये सुमारे २९५. मधुमेही कुत्र्याला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. हे बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढतात, त्यामुळे त्यांची ॲलर्जी असेल तरी नको. दहा आठवडे देऊन फरक मोजा. नसेल तर बंद, ‘असू दे चालू’ म्हणायचं नाही.

बाकीची नावं

कोलॅजन दोन अगदी वेगळ्या रूपांत मिळतं आणि दुकानात ती एकाच फळीवर असतात. एक म्हणजे तोडलेलं, पाण्यात विरघळणारं कोलॅजन, जे ग्रॅमच्या हिशेबाने देतात. ते प्रथिनासारखं पचून जातं. दुसरं यूसी-टू, न तोडलेलं टाइप-टू कोलॅजन, जे फक्त ४० मिलिग्रॅम दिलं जातं आणि त्यात खरं कोलॅजन दहा मिलिग्रॅम. हे कूर्चेचा कच्चा माल म्हणून काम करत नाही. आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशींना त्याची ओळख पटते आणि सांध्यातल्या कोलॅजनवरचा त्यांचा हल्ला सौम्य होतो, असा त्यामागचा विचार. म्हणून त्याचा मूळ आकार टिकायला हवा: गरम अन्नात मिसळायचं नाही, दिवसातून एकदा, रिकाम्या पोटी. काही अभ्यासांत फायदा दिसला आहे, पण एकूण पुरावा फिश ऑइलच्या मानाने दुबळा. तीन महिने देऊन बघण्यासारखं.

न्यूझीलंडच्या हिरव्या शिंपल्याची पावडर चांगल्या प्रतीची असेल तर काही कुत्र्यांना गुण देते. कमी उष्णतेत सुकवलेली नसेल तर तिचं तेल आधीच गेलेलं असतं, आणि हे डबीवरून सहसा कळत नाही.

शल्लकी आपल्या ओळखीची. सातपुड्याच्या आणि मेळघाटच्या कोरड्या डोंगरांवरच्या सालई झाडाचा डिंक, सालई गुग्गुळ. स्वित्झर्लंडमध्ये २००४ साली २९ कुत्र्यांना दर दहा किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क सहा आठवडे दिला तेव्हा बहुसंख्य कुत्र्यांत सुधारणा नोंदली गेली. पण त्यात तुलनेसाठी खोटी गोळी दिलेला गट नव्हता, ही मोठी त्रुटी. द्यायची असेल तर बोसवेलिक आम्लांचं प्रमाण लिहिलेला अर्क घ्या, धुपासाठी मिळणारा डिंक नव्हे.

हळदीबद्दल आपल्याकडे कोणी वाईट ऐकून घेत नाही. पण अन्नातली हळद कुत्र्याच्या रक्तात नगण्य पोचते, आणि हळदीच्या खास अर्कावरच्या ब्रिटनमधल्या अभ्यासात पायावर पडणारा भार यंत्राने मोजला तेव्हा फरक निघाला नाही. मिरपूड घालून शोषण वाढवायचा सल्ला फिरत असतो. मिरीतलं पिपरीन चालू औषधांचंही शोषण वाढवतं, तेव्हा औषधं चालू असताना तो प्रयोग नको. हळद-दुधातल्या दुधाने बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना जुलाब होतात ते वेगळंच.

एमएसएम या गंधकयुक्त पावडरवर पैसे घालवू नका. भांगेच्या झाडापासून काढलेल्या सीबीडी तेलाचे काही अभ्यास आशादायक आहेत, पण त्याने यकृताचं एक एन्झाइम वाढतं, म्हणून ते रक्ततपासणी करून डॉक्टरांच्याच हाताने.

हे घरात असतं आणि कुत्र्याला मारू शकतं

माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक कुत्र्याला कधीच नको. जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलही मनाने नाही. मेलॉक्सिकॅम कुत्र्यांनाही देतात हे खरं, पण दहा किलोच्या कुत्र्याची रोजची मात्रा एक मिलिग्रॅमच्या आसपास आणि माणसांची गोळी साडेसात किंवा पंधराची. अर्धी-पाव करून अंदाजाने देणारे इथेच फसतात.

माणसांच्या ग्लुकोसामाइन गोळ्यांत आपल्याकडे अनेकदा डायसेरीन हे संधिवाताचं दुसरं औषध जोडलेलं असतं. त्याने जुलाब होतात. चवीच्या सॅशेंमध्ये आणि चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल आहे का ते बघा. हा साखरेचा पर्याय माणसाला चालतो, कुत्र्याची रक्तशर्करा तासाभरात कोसळू शकते आणि पुढे यकृतही जातं.

कॅल्शियमचं वेगळं सांगायला हवं, कारण ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक लॅब-जर्मन शेफर्डच्या घरातली बाटली आहे. झिजलेली कूर्चा म्हणजे कॅल्शियमची कमतरता नव्हे. म्हाताऱ्या कुत्र्याला सिरप देऊन सांधा सुधारत नाही. पिल्लाला तर ते उलटं पडतं. मोठ्या जातीच्या पिल्लाला पहिल्या सहा महिन्यांत जादा कॅल्शियम शोषून घेणं रोखता येत नाही, आणि त्याने हाडांची-सांध्यांची वाढ बिघडते. पिल्लांच्या तयार खाद्यावर असलेल्या पिल्लाला वरून कॅल्शियम नकोच. नुसतं दूध-पोळी किंवा नुसतं चिकन-भात खाणाऱ्या पिल्लाला मात्र खरंच कमी पडतं, पण त्यावर उपाय आहार बदलण्याचा. अंदाजाने ओतलेल्या चमच्यांचा नाही.

फरक पडला हे कळणार कसं

संधिवात रोज सारखा दुखत नाही, चार दिवस वाईट, चार बरे. आपण डबी आणतो ती वाईट दिवसांत. पुढचे बरे दिवस आपोआप आलेले असतात आणि श्रेय डबीला जातं. लंगडणाऱ्या कुत्र्यांवरच्या २०१२ च्या एका अभ्यासात खोटी गोळी दिलेल्या कुत्र्यांबद्दलही मालकांना, इतकंच नव्हे तर डॉक्टरांनाही, सुधारणा ‘दिसली’ होती. पायावरचा भार मोजणाऱ्या यंत्राला ती दिसली नव्हती.

म्हणून काही सुरू करण्याआधी एक आठवडा नुसती नोंद करा. आपल्या कुत्र्याला जड जाणाऱ्या तीन ठरावीक गोष्टी निवडा: सकाळी गादीवरून उठणं, इमारतीच्या पहिल्या चार पायऱ्या, गाडीत चढणं, असं काहीही. प्रत्येकीला रोज शून्य ते चार गुण, शून्य म्हणजे सहज आणि चार म्हणजे अजिबात जमत नाही. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच वेळी, पट्ट्याने चालवत दोन व्हिडिओ: एक बाजूने, एक मागून. एका वेळी एकच गोष्ट बदला. फिश ऑइल, यूसी-टू आणि नवीन खाद्य एकाच सोमवारी सुरू केलं तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही. बारा आठवड्यांनी शंका असेल तर तीन-चार आठवडे थांबवून पाहा. त्रासाचे गुण पुन्हा वाढले तर ते काम करत होतं.

व्यायाम थांबवू नका, वाटून द्या. दिवसात दहा-पंधरा मिनिटांच्या तीन फेऱ्या, पट्ट्याने, सावकाश. आठवडाभर घरात आणि रविवारी किल्ल्यावर, हे सांध्याला सर्वांत वाईट. चेंडू फेकून पळवणं बंद, कारण त्यात एकदम थांबणं आणि वळणं येतं. पोहणं उत्तम, पण घसरड्या पायऱ्यांच्या विहिरीत नाही.

आणि कुत्रा आज दुखण्याने जेवत नसेल, रात्री धापा टाकत जागा राहत असेल, तर सप्लिमेंटची वाट बघू नका. मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन, फिरोकॉक्सिब यांसारखी कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं काही दिवसांत आराम देतात. त्याआधी आणि दीर्घकाळ चालू राहिली तर ठरावीक अंतराने मूत्रपिंड-यकृताची रक्ततपासणी. ही वेदनाशामकं जेवणाबरोबर द्यायची. उलटी, काळी शी किंवा खाणं बंद झालं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. स्टिरॉइडबरोबर ती कधीच नकोत; खाजेसाठी त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी स्टिरॉइड असू शकते आणि हे घरच्यांच्या लक्षातही येत नाही. म्हणून दवाखान्यात जाताना चालू असलेल्या प्रत्येक डबीच्या मागच्या लेबलाचा फोटो न्या, औषधांच्या पट्ट्या न्या, आणि घरातले ते व्हिडिओ. तपासणीच्या टेबलाशी घाबरलेला कुत्रा लंगडणं विसरून सरळ चालतो.